भर रस्त्यातला श्वास

शिस्टरबाई रात्रीसुद्धा दाराला आतून कडी लावत नसत. कोरेगावात आमच्या दोघींच्या खोल्यांना एकच भिंत. त्या दवाखान्यात नर्स, मी शाळेत मास्तरीण. चोराचिलटांचं भय घातलं की म्हणत, "अहो, मी कडी काढेपर्यंत पोर बाहेर यायचं!" 'सिस्टर' म्हणणं गावाला कधी जमलं नाही. त्या शिस्टरच राहिल्या, आणि त्यांना ते आवडायचंही.

बाई फटकळ. बाळंतिणीच्या सासूला दाराबाहेर काढायच्या, नवऱ्याला चुलीवर पाणी तापवायला बसवायच्या. पण संध्याकाळी हमखास भिंतीवर टकटक व्हायची. "मास्तरीणबाई, जेवलात का? नसलात तर या की!" मी गेले नाही तर एकट्याच बडबडत जेवायच्या. मला इकडे सगळं ऐकू यायचं. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. एक भाऊ सांगलीला, तोही भाऊबीजेपुरताच.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट असेल. बाजारातून भाजी घेऊन आम्ही परतत होतो आणि डोळ्यांदेखत एका मालट्रकने सायकलवरच्या दूधवाल्याला उडवलं. दूध मातीत आणि माणूस उताणा, निपचित. "गेला," कुणीतरी म्हणालं. शिस्टरबाईंनी पिशवी माझ्या अंगावर टाकली आणि गुडघ्यांवर बसल्या. त्याची मान मागे केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरला. मग छाती दाबायची, पुन्हा श्वास. ही नवी रीत त्या मिरजेला शिकून आल्या होत्या.

"आगं बया, मुका घेतीया!" गर्दीतून एक बाई किंचाळली. मागे कुणी फिसकन हसलं. मेल्यांनो, हसता कसले? एका म्हाताऱ्याने तर त्यांचा दंडच धरला. "आवं बाई, मेल्याली माती कशाला इटाळताय?"

"हात लावाल तर याद राखा!" त्या गरजल्या आणि पुन्हा वाकल्या. जीप मिळाली, तीत त्याच्याबरोबर चढल्या, वाटभर श्वास भरत राहिल्या. पण साताऱ्याला पोहोचण्याआधीच सगळं आटोपलं होतं.

गावाने काय धरून ठेवावं? तर मुका. पाणवठ्यावर मुका, देवळात मुका. बाया अडल्या तरी जुन्या सुईणीला बोलावू लागल्या. दार तसंच उघडं असायचं, हाक मात्र येईना. "बोलावतील हो, पोरं काय थांबतात?" असं त्या रोज म्हणायच्या. पुढे तेही म्हणेनाशा झाल्या. शेवटी कुणीतरी वर तक्रार केली आणि त्यांची सांगलीला बदली झाली.

ट्रंक भरत होतो तेव्हा दूधवाल्याची बायको आली. वाटलं, आता ही भांडणार. ती उंबऱ्याशी बसली. "शिस्टर, जाताना त्ये काय बोललं का वो?"

खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण शिस्टरबाई म्हणाल्या, "नाही गं. बोलायला श्वासच नव्हता. मी भरत होते, तेवढाच."

ती म्हणाली, "म्हंजी एकटं न्हाई गेलं. तुमचा श्वास हुता संगं." पदराने डोळे पुसून उठली आणि बाहेर घुटमळणाऱ्या बायांवर कडाडली, "त्वांड माज्या नवऱ्याचं हुतं! मला न्हाई लाज वाटत, तुमाला कशाची वाटती गं?"

बाया पांगल्या. शिस्टरबाई भिंतीला टेकून लहान मुलीसारख्या रडल्या. बदली काही टळली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगलीच्या गाडीत बसवून आले.

पुढे त्या सांगलीतच वारल्या. भाड्याच्या खोलीत, झोपेत. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, मला तर कितीतरी महिन्यांनी. "त्रास झाला नाही हो, शांत गेल्या," त्यांचा भाऊ मला सांगत होता. जवळ कोणीच नव्हतं, तर ह्याला कसं कळलं?