बोलून रडणं

आमच्याकडे माहेरचं कुणी गेलं की लेकीनं गल्लीच्या तोंडापासून बोलत रडत यायचं असतं. गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याचे कष्ट आठवत, अहिराणीत. बायका कान देऊन ऐकतात. कुणाची लेक कशी रडली, हे पुढं वर्षभर निघतं.

आई गेली तेव्हा मी जळगावहून, मेहरूण भागातल्या घरून, धुळ्याकडच्या आमच्या गावी पोचले. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. किती वर्षं झाली, शाळेत मराठी शिकवते. गल्लीत उतरून तोंड उघडलं, तर आतून आलं ते पुस्तकातलं. 'आई, तू आम्हाला सोडून गेलीस.' पुढं सुचेना. गप्प चालत घरापाशी आले.

ओट्यावरची चुलती बोललीच. "रडाले बी पुस्तक लागस का हिले?"

शेजारची म्हणाली, "जाऊ दे वं. शिकेल शे ती."

धाकट्या भावाची बायको दारात होती. सातवीपर्यंत शिकलेली. तिनं मला गळ्याशी धरलं आणि सुरू झाली. आईनं निंदलेली शेतं, डोक्यावरून आणलेलं पाणी, एकेक. मग त्याच सुरात, "लेकले फोन लावाना पहिले तू माले इचारे वं माय, 'कशी शे' म्हनू का 'कशी आहेस' म्हनू. तिना घर चार मानसं बसेल ऱ्हातस, म्हने. तिले कमीपना नको, म्हने."

एकदा पाहुण्यांसमोर मीच आईला म्हटलं होतं, 'नीट बोल ना.' एकदाच. त्यानंतर तिचे फोन आखूड होत गेले. मला वाटायचं, वय झालं.

भावजय थांबली. कानाशी म्हणाली, "आते तुम्ही बोला, अक्का."

"माझं तूच बोल," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझं डोकं खांद्यावर दाबून, जणू मीच बोलतेय अशी, ती म्हणाली, "तुनी बोली मी बंद करी वं माय. माले माफ कर."

एवढं बोल, असं मी तिला सांगितलं नव्हतं. पण खोटं नव्हतं. मी नुसता हुंदक्यांचा आवाज दिला.

ओट्यावरच्या बायकांनी ते रडणं माझं धरलं की तिचं, कोण जाणे. विचारायचं त्राण नव्हतं. तिचा खांदा तेवढा सोडवेना.