काकूंच्या ताटातली गरम भाकरी

देवपूरच्या आमच्या घरी आज सकाळी मी थापलेली दादर ज्वारीची भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि तिच्या खरपूस वासाने मला थेट मालवणच्या एका स्वयंपाकघरात नेऊन बसवलं.

लहानपणी आम्ही समुद्र बघायला गेलो होतो. किनाऱ्यालगतच्या एका घरात न्याहारीसकट खोली घेतली होती. पण आमच्या खानदेशात पाहुणी बाई आयतं खात नाही, ती सरळ चुलीपाशी जाते. आईनेही तेच केलं. सकाळी अंघोळ उरकून, गावाहून आणलेलं पीठ घेऊन ती आत शिरली आणि घावन घालणाऱ्या घरमालकीण काकूंना अहिराणीत म्हणाली, "तू बठ, मी करस."

काकू गोंधळल्या. "अवो, तुमी पावणी! तुमी बसा," असं मालवणीत म्हणत राहिल्या. दोघींना एकमेकींची बोली धड कळत नव्हती, पण आई कुणाचं ऐकते? तिने काकूंना खांद्याला धरून पाटावर बसवलं, भाकरी थापून भाजली आणि तव्यावरून थेट त्यांच्या ताटात वाढली.

काकूंनी एक घास घेतला. "लगीन झाल्यापासून माका कोणी गरम वाढूक नाय," त्या म्हणाल्या.

आईने याचा अर्थ कुणालाच विचारला नाही. तिने लगेच दुसरी भाकरी थापायला घेतली.

मला तेव्हा समुद्राकडे पळायची घाई होती. तो समुद्र आता धूसर आठवतो. एरवी सगळ्यांना वाढून झाल्यावर मी शेवटी गार भाकरी खाते. आजची पहिली भाकरी मात्र मी माझ्याच ताटात घेतली आणि गरमागरम खाल्ली.