चंद्रभानचं न झालेलं लग्न

नागपूरच्या लकडगंजातल्या वामनरावांच्या चंद्रभाननं जिवंतपणी लग्न केलं नाही, आणि मेल्यावर ते त्याच्या बहिणीनं होऊ दिलं नाही. होऊ दिलं नाहीस तर तुझ्या पोटातलं लेकरू वाचणार नाही, असं सगळं घर प्रेमिलाला बजावत होतं. तिला भीती वाटली नाही असं कोणी समजू नये. ती भलतीच भ्याली होती.

गोष्ट सुरू होते गोविंदापासून. हा चंद्रभानचा कॉलेजातला मित्र, नरखेडकडच्या संत्र्यांच्या बागावाल्या घरातला. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. प्रेमिलाला ते ठाऊक होतं. बहिणींना असलं कळतं, त्या फक्त बोलत नाहीत. १९७८ साली गोविंदाच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं, पत्रिका वाटून झाल्या, आणि गोविंदा बागेतल्या विहिरीत सापडला. पाय घसरला, असं घरचे म्हणाले.

बिनलग्नाचा तरणाताठा माणूस गेला की त्याचा मुंजा होतो, पिंपळावर बसतो आणि घरातल्या लेकराबाळांना धरतो, अशी तिकडची समजूत. म्हणून त्या घरात, आणि चंद्रभानच्याही, अशा प्रेताचं रुईच्या झाडाशी लग्न लावत आणि मगच तिरडी उचलत. गोविंदाचंही लावलं. ज्या लग्नापायी पोरगा विहिरीत गेला, तेच त्याच्या कपाळाला मुंडावळ्या बांधून उरकून घेतलं. माणसं मेलेल्यालाही सोडत नाहीत, ती अशी.

चंद्रभान ते पाहून आला आणि जेवायला बसेना. कुहीला दिलेली प्रेमिला तेव्हा माहेरी आलेली होती. तिचा हात धरून तो म्हणाला, "ताई, मी मेलो तर माह्यं असं लगन लावू देजो नको. शब्द दे."

"असं अभद्र काहून बोलतं गा?" ती रागावली. पण ऐन उन्हाळ्यात त्याचे हात विहिरीच्या पाण्यासारखे गार लागत होते. तिनं शब्द दिला.

पुढे वामनरावांनी एक घोडचूक केली. पोराला न विचारता समाजाच्या उपवर मेळाव्यात त्याचं नाव देऊन टाकलं. तिथे एकेकानं मंचावर जायचं, नाव, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा सांगायच्या, आणि खाली बसलेल्या मावश्यांनी चिवडा खाता खाता त्याला जोखायचं. चंद्रभाननं माइक हातात घेतला.

"शिक्षण बी. कॉम. लाकडाच्या टालावर मुकादम आहो. अपेक्षा एवढीच, का कोणी माह्यं पोरीशी लगन लावू नये. मले पुरुष आवडते. या मांडवात माह्यासारखे आणखी बसून राहिले आहेत. त्यांच्या मायबापानं त्यांले आधी इचारावं."

माइकवाला इतका गडबडला की माइक बंद करायचंच विसरला. चिवड्याचे हात तिथल्या तिथे थांबले. आणि त्या भरल्या मांडवात भोंग्यातून चंद्रभानचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला, आत, बाहेर, आत, बाहेर.

वामनरावांनी त्या दिवसापासून पोराशी बोलणं टाकलं. गल्लीनं त्याला बायल्या म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. पण टालावर, सागाच्या थप्प्यांच्या आडोशाला, एकेक अनोळखी माणूस येऊन बसू लागला. कोणी शिक्षक, कोणी कंडक्टर, कोणी दोन लेकरांचा बाप. चंद्रभान त्यांचं ऐकून घ्यायचा. कुणाचं जबरदस्तीनं ठरलं की त्याच्या बापाकडे जायचा, शिव्या खायचा आणि पुन्हा जायचा. कोणाला रात्री शहरातल्या बागेतून पोलिसांनी उचललं की ठाण्यासमोर जाऊन उभा राहायचा. चळवळ वगैरे मोठा शब्द त्यानं कधी वापरला नाही. "इचारलं पाहिजे ना बाप्पा कोणी तरी," एवढंच म्हणायचा.

१९८४च्या मे महिन्यात असाच एकाला सोडवायला तो दिवसभर उन्हात उभा राहिला. माणूस सुटला, चंद्रभान घरी येऊन अंगणात पडला. नागपूरचं ऊन कुणाची गय करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

भर दुपारी अंगणात प्रेत ठेवलं होतं. मोठे काका महादेवराव रुळांच्या कडेची रुई मुळासकट उपटून घेऊन आले. नवरदेवाला पहिली हळद करवलीनं, म्हणजे बहिणीनं लावायची. तिच्या हळदीवाचून पुढचं काही होत नाही. एरवी गर्भार बाईला प्रेताच्या आसपास फिरकू देत नाहीत. पण दुसरी बहीण नव्हती, तेव्हा नियम बिनबोभाट वाकला. लग्नानंतर कित्येक वर्षांनी पोट दिसू लागलेल्या प्रेमिलाच्या हातात कुणी तरी हळदीची वाटी ठेवली.

अंतरपाट धरला. वारा मेला होता, पिंपळाचं पान हलत नव्हतं. तरी अंतरपाट हलला. प्रेताच्या बाजूनं तो हळूच फुगला, बसला, पुन्हा फुगला, पुन्हा बसला. धरणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रेमिलानं तर तो श्वास ओळखला.

तिनं मान वर केली. अंगणासमोरच्या टालावर, थप्प्यांमधून माणसं उभी होती. कधी आली कोणी पाहिलं नव्हतं. डोक्यावर दुपट्टे, चेहरे सावलीत, सगळे इकडेच पाहणारे. शेजारणींनी लेकरं पदराआड ओढली.

"लाव वं हळद," महादेवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मुंजा होईल तो. पयले तुह्याच पोटावर येईल."

पोटात लेकरू लाथ मारत होतं ते एकाएकी थांबलं. प्रेमिलाला वाटलं, लावून टाकावी चिमूटभर हळद. मेलेल्याला काय कळतं? मग तिनं भावाच्या हाताला हात लावला. तसाच गार होता. तिनं वाटी जमिनीवर उलटी केली.

"होऊ द्या मुंजा," ती म्हणाली. "येऊ द्या माह्या पोटावर. मामा आहे तो त्याचा. पण हळद नाही लागणार."

महादेवराव ओरडायला लागले तेव्हा वामनराव उठले. इतकी वर्षं पोराशी न बोललेल्या त्या बापानं अंतरपाट दोघांच्या हातून काढून घेतला, नीट घडी केली आणि काखेत धरला. थप्प्यांमधली माणसं पुढे आली. तिरडीला खांदा त्यांनीच दिला.

प्रेमिला कुहीला परतली. लेकरू दोन दिवस हललं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गाव झोपलेलं असताना तिच्या उंबऱ्याशी कोणी तरी बसल्यासारखं वाटलं. दिसलं काहीच नाही. श्वास तेवढा होता. ती भ्याली. तरी म्हणाली, "आला काय गा? बस." आणि पोटात लेकरानं लाथ मारली. पोळ्याच्या सुमारास मुलगी झाली, धडधाकट. पुढे रोज दुपारी ती उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवायची आणि गुमान आपलं काम करायची.

इकडे नागपुरात भलतीच आवई उठली. पोराला न विचारता लग्न ठरवलं की मांडवाच्या भोंग्यातून श्वास येतो म्हणे. मंत्र म्हणा, बँड लावा, त्यातूनही ऐकू येतो. चंद्रभानला जिवंतपणी ज्यांनी दारातून हाकललं होतं, ते बाप आता पोरांना खोलीत बोलावून विचारू लागले. मायेनं नाही, धास्तीनं. पण विचारू लागले.

अशाच एका दुपारी चंपतराव नावाचा कापसाचा व्यापारी आपल्या मोठ्या मुलाला घेऊन कुहीला आला. चेहरा ओढलेला. "बाई, कार्य ठरल्यापासून आमच्या घरी तो श्वास येऊन राहिला," तो म्हणाला. "हात जोडतो. तुमच्या भावाले वापस बोलवून घ्या."

"पोराले इचारलं?"

चंपतराव मुलाकडे न पाहताच म्हणाला, "तुले नाही करायचं काय गा?"

मुलानं मान हलवली आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. बापानं बराच वेळ टोपी हातात फिरवली. "मोडतो," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "आता जाईल ना तो?"

"जाईल," प्रेमिला म्हणाली.

ते दोघं गेल्यावर तिनं उंबऱ्याशी तांब्या ठेवला आणि "बस गा" म्हटलं. श्वास आला नाही. तिचं ते 'जाईल' उंबऱ्याशी बसून त्यानंही ऐकलं असावं. ती संध्याकाळपर्यंत कान देऊन बसली, मुलीला मांडीवर घेऊन. भाऊ गेला त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती रडायला लागली ती कोणाच्यानं आवरेना.