बायांच्या बाजूला

आमच्या चर्चमध्ये बाया डाव्या हाताला बसतात आणि पुरुष उजव्या. मध्ये चालायला वाट आहे, तिच्यावर लाल सतरंजीची पट्टी. असं बसा म्हणून कुठं लिहिलेलं नाही, पण माझ्या आईच्या वेळेपासून हेच आहे. लातूरला होतं, नांदेडलाही तेच. नवरा-बायको एका रिक्षातून उतरायची, दारापर्यंत सोबत यायची आणि आत शिरलं की दोन बाजूंना जायची. म्हातारे होईपर्यंत मालक आणि मी चर्चमध्ये शेजारी बसलो ते फक्त लग्नाच्या दिवशी, पुढं मांडलेल्या दोन खुर्च्यांवर. त्या दिवशी मी मान वर केली नव्हती, त्यामुळं त्यातलंही काही आठवत नाही.

मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं बाया असंच म्हणतात, मालकी वगैरे काही नसते.

ते लातूरला नळाला पाणी सोडायच्या कामावर होते. कमरेइतकी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून गल्लोगल्ली जायचे आणि रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवायचे. चावीचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावलं की पाणी कुठवर आलं ते त्यांना कळायचं. लातूरला पाणी रोज येत नाही. आठ-आठ दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा. ज्या गल्लीची पाळी रविवारी, तिथं रविवारी जावंच लागायचं. पाळी चुकली तर बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दारात यायच्या, आणि त्या बायांचं काही चुकत नव्हतं.

मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होते. रविवारी मुलींना पोहे घालून त्यांच्या रांगेमागं चर्चला जायची. बाकीच्या बायांचे नवरे उजवीकडं बसलेले दिसायचे, माझा कुठल्यातरी खड्ड्यात. हे मला फार लागायचं. घरी आल्यावर मी तोंड सोडायची. देवानंसुद्धा सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला, तुम्ही देवापेक्षा मोठे लागून गेलात का, असं म्हणायची. ते भाकरी मोडत म्हणायचे, देवाला लातूरचं पाणी सोडायचं नव्हतं.

एकदा मी फारच भांडले. तेव्हा ते म्हणाले, "रिटायर झालो की एक रविवार चुकवणार नाही. तुझ्या शेजारी येऊन बसतो."

"शेजारी कसं? पुरुषांनी तिकडं बसायचं असतं."

"म्हाताऱ्या माणसाला कोण काय म्हणतंय," असं म्हणाले आणि चावी घेऊन निघून गेले.

हे बोलणं मी तेव्हाच विसरले.

ते रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता विसावा घ्या, असं जो तो म्हणाला. माझंही काम त्याच वर्षी सुटलं, पण मला कोणी विसावा घे म्हणालं नाही. घरी चूल होतीच. नांदेड माझं माहेर, तिथं आम्ही दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, त्यात राहायला आलो. मुलगी लातूरलाच दिलेली, ती तिथं राहिली.

विसावा त्यांना जमला नाही. पहाटे उठायचे आणि माझं लाटणं घेऊन त्याचं एक टोक नळाला, एक कानाला लावून बसायचे. मी चपात्या करायला बसले की लाटणं मोरीत सापडायचं. शेजारी एक शिलाईकाम करणारं मुसलमान घर आहे. तिथल्या बाईंना सगळे खाला म्हणतात. त्यांना हे दिसायचं आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मी यांना सांगायची, इथं गोदावरी आहे, इथं तुमचं काम नाही.

पण रविवार त्यांनी चुकवला नाही. इस्त्रीचा सदरा, पिशवीत बायबल, उजवीकडं तिसऱ्या बाकावर कडेला. पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू झाला की त्यांची मान खाली जायची. मला डावीकडून ती मान दिसायची आणि बरं वाटायचं. तीन वर्षं मला माझा नवरा चर्चमध्ये दिसला. लोकांसारखं झालं एकदाचं, असं वाटलं.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, मग नोकरी संपली आहे हेही गेलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही.

एका रविवारी संदेश चालू असताना ते उठले. मला वाटलं लघवीला लागली असेल. ते मधली वाट ओलांडून सरळ माझ्या बाकापाशी आले आणि म्हणाले, "सरक."

मी सरकले नाही. माझ्या पलीकडची बाई सरकली, मग मलाही सरकावं लागलं. ते बसले, बायबल मांडीवर ठेवलं, आणि पुढं बघायला लागले. मागच्या बाकावरच्या सुना हसल्या. माझे कान तापले. पुढच्या रविवारी ते परत आले. त्या दिवशी महिला मंडळाच्या बाईंनी मला बाहेर गाठलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, आता तुमच्याच घरचं असं."

ते खरं होतं. मी चौथी शिकलेली, पण असले नियम मला पाठ. त्याच्या दोन वर्षं आधी एक नवी नवरी नवऱ्याजवळ जाऊन बसली होती, तेव्हा तिला दंडाला धरून मीच इकडं आणलं होतं. पोर रडली होती. मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

पाळक नवे आहेत, माझ्या मुलीपेक्षा लहान. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मावशी, बसू द्या त्यांना तुमच्याजवळ. कुणाचं काही बिघडत नाही."

मी म्हणाले, "तुमच्या आधीच्या पाळकांनी हे पाळलं. आमच्यासाठी तुम्ही मोडू नका."

म्हणजे पुढं जे झालं ते चर्चनं केलं नाही. पाळकांनी केलं नाही. त्यांनी तर दार उघडून दिलं होतं.

तिसऱ्या रविवारी मालक उठले तशी मीही उठले. मंडळी गीत म्हणत उभी होती. मी त्यांना वाटेतच धरलं आणि त्यांच्या बाकाकडं वळवलं. मोठ्यानं बोलले, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. "तुमची जागा तिकडं आहे." गीत संपलं होतं ते माझ्या लक्षात आलं नाही, सगळ्या चर्चनं ते ऐकलं. ते जाऊन बसले. शाळेत मास्तरनं बाहेर काढलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं. प्रभुभोजनाच्या वेळी परत उठले, तेव्हा शेजारच्या माणसानं हात धरून बसवलं.

त्यानंतर मी त्यांना नेणं बंद केलं. रविवारी त्यांना जेवू घालायची, पलंगावर बसवायची आणि बाहेरून कुलूप लावून जायची. दोन-अडीच तासांचा प्रश्न होता. कोणी विचारलं तर सांगायची, त्यांना आता विसावा पाहिजे. सगळ्यांना ते पटायचं. काही जणांनी तर माझं कौतुक केलं, या वयात एवढं करतात म्हणून.

एका रविवारी मी परत आले तर खाला त्यांच्या ओट्यावर मशीन सोडून उभ्या होत्या. त्या मला आपा म्हणतात. म्हणाल्या, "आपा, भाईसाब खिडकीला उभे राहून बोलून राहिले व्हते. म्हनले, आज मला सुट्टी हाय, मग ही मला सोडून का गेली?"

मी म्हणाले, त्यांना काय कळतंय. कुलूप काढलं. ते सदरा घालून, बायबलची पिशवी हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसले होते. बटणं चुकीची लागली होती. मी पिशवी घेऊन खुंटीला अडकवली आणि भात टाकला.

पुढच्या रविवारी मी परत कुलूप लावलं. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

एखादा रविवार मी घरी बसले असते तरी चाललं असतं. चर्चलाच गेलं पाहिजे असं कोणी माझ्या मागं लागलं नव्हतं. त्यांच्या शेजारी पलंगावर बसून एक गीत म्हटलं असतं तर त्यांना ते चर्चच वाटलं असतं. हे मला सुचलं नाही. मला जायचं होतं, माझ्या बाकावर माझ्या जागी बसायचं होतं. पाच महिने असे गेले.

पाचव्या महिन्यात त्यांना ताप भरला, छातीत कफ झाला. दवाखान्यात चार दिवस होते, गुरुवारी गेले. मुलगी लातूरहून आली तोवर संपलं होतं.

चर्चमध्ये त्यांची शवपेटी मधल्या वाटेवर ठेवली, दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये. पाळकांनी माझ्यासाठी पेटीला लागून एक खुर्ची मांडली. मी तिथं बसले. पेटीला नवं पॉलिश होतं, ते हाताला लागलं. पाळक म्हणाले, यांनी आयुष्यभर लोकांना पाणी दिलं, एक रविवार त्यांना मिळाला नाही, आता ते विसाव्यात गेले. बाया रडल्या. मी पॉलिश पुसत बसले. मिळाले होते त्यांना रविवार. शेवटचे मी काढून घेतले.

त्यांना आमचं ते जुनं बोलणं आठवलं होतं का, मला माहीत नाही. लातूर आठवत नव्हतं, मुलीचं नाव आठवत नव्हतं, मग तेवढंच कसं आठवेल? कदाचित समोर मी दिसले, ओळखीचं माणूस म्हणून आले असतील. मी दोन्ही प्रकारे विचार करून पाहिला. दोन्हीकडून सारखंच येतं. त्यांना माझ्याजवळ बसायचं होतं.

आमच्यात सभेत उभं राहून साक्ष देतात, देवानं काय केलं ते सांगतात. मी पुष्कळ वेळा दिली आहे. हे तिथं कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिलं. प्रभूकडं माफी मागितली आहे. तो करतो, त्यात शंका नाही. पण कुलूप त्याला लावलं नव्हतं.

लोक म्हणतात, वर गेल्यावर भेट होईल. मी पाळकांना विचारलं, तिथं बाया-पुरुष वेगळे बसवतात का? ते हसले, मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले.

"नाही मावशी," ते म्हणाले. "तिथं तसं नसेल."

"नक्की का?"

त्यांनी बायबल उघडलं, पान शोधलं, परत मिटलं. खरं बोलणारा पोरगा आहे.

आता चर्चमध्ये तरुण जोडपी एकत्र बसतात. कोणी ठरवलं नाही, हळूहळू झालं. ती नवरीसुद्धा नवऱ्याजवळ बसते, मध्ये त्यांचं लेकरू. आम्ही म्हाताऱ्या तेवढ्या डावीकडं आहोत. मी वाटेच्या कडेला बसते. उशिरा आलेलं माणूस माझ्याच बाकापाशी येऊन उभं राहतं, बाई असो की पुरुष. कोणी काही म्हणायच्या आत मी सरकते.