नवरीच्या आईचं नाव

मंठ्याजवळच्या एका शाळेत मी शिक्षक आहे. आवाज बरा, म्हणून आसपासच्या गावांतल्या लग्नांत माइक माझ्याच हातात येतो. पाहुण्यांचं स्वागत करायचं, मानकऱ्यांना सत्काराला बोलवायचं.

काही वर्षांपूर्वी कुंभार पिंपळगावकडच्या एका लग्नात 'मुलगा-मुलगी समान' यावर मी चांगला दहा मिनिटं बोललो. टाळ्याही पडल्या. जेवून हात धूत होतो, तर एक बाई जवळ आल्या.

"मी नवरीची मावशी. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला हाय. गुरुजी, भाषण बराबर व्हतं. फक्त एक सांगा, नवरीच्या आईचं नाव काय?"

वडील, चुलते, मामा, सरपंच, सगळ्यांची नावं मी घेतली होती.

"मला दिलेल्या नावांच्या चिठ्ठीत नव्हतं," मी म्हणालो.

"मंग इचारायचं न्हाई का? माझी बहीण मागं बसून ऐकून राह्यली व्हती."

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

पुढच्या लग्नात चिठ्ठी हातात येताच मी नवरीच्या वडिलांना आईचं नाव विचारलं. ते हसले. "बायांची नावं कशाला माइकवर, गुरुजी?"

भाषण द्यायचा मोह झाला, पण आवरला. "लेक दोघांची हाय ना? तुमच्या नावाला जोडूनच घेतो," एवढंच म्हणालो. त्यांनी हळूच नाव सांगितलं.

ते नाव घेऊन मी सत्काराला बोलावलं, तर त्या मांडवात नव्हत्याच. बायांनी त्यांना घरातून हाताला धरून आणलं. आता बाईमाणसाला सत्काराचा नारळ कुणी द्यायचा, हे ठरेना. शेवटी त्यांच्या मालकांनीच दिला. मांडवात हशा पिकला, मग टाळ्या. त्या माउलीला हसावं की रडावं कळत नव्हतं.

पुढं लोक आपणहून चिठ्ठीत आईचं नाव लिहू लागले. काही घरं अजून टाळतात. तिथं मी विचारतो, वाद घालत नाही.

त्या मावशींची पुन्हा गाठ पडली नाही. चारचौघांत त्यांनी मला बोल लावला असता, तर मी माझ्याच भाषणाची बाजू घेऊन भांडलो असतो. त्यांनी बाजूला येऊन एक प्रश्न विचारला आणि मला बदलायला जागा ठेवली. ते उपकार मी विसरलेलो नाही.

परवा एका नवरदेवाची आजी काठी टेकत माझ्याकडं आली. "माझंबी घ्या की," म्हणाली. मी नाव विचारलं. तर ती म्हणाली, "माहेरचं सांगू का सासरचं?"

मी दोन्ही घेतली.