थंड गाडीची टकटक

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा साहेब नवे आले, खुर्च्या नव्या आल्या, शिक्के नवे आले. पाऊस तेवढा आला नाही. आणि केरबाच्या हातात दिलेला पाण्याचा टँकर कुठल्या जन्मीचा होता, कुणास ठाऊक!

केरबा मुरुडचा. सात वर्षं रोजंदारीवर ड्रायव्हर. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं आणि नेमकं तेव्हाच टँकरचं इंजिन टकटक करायला लागलं. सकाळी चालू केलं की टक-टक-टक, रेस दिली की आणखी जोरात. त्यानं नव्यानं आलेल्या अमृतराव साहेबांकडं तक्रार केली. साहेब आले, कान दिला, तर इंजिन गुपचूप! दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. साहेबांनी लॉगबुकात लाल शाईनं लिहिलं, 'चालक कामचुकार, खोट्या तक्रारी करतो.' आता यादीतलं नाव गेल्यातच जमा होतं.

केरबाला जेवण जाईना. बायको पंचशीलानं विचारलं, "साहेबाला दाखवायच्या आधी करता काय तुम्ही?"

"पुसतो, अन् अर्धा घंटा चालू ठिवून गरम करतो. साहेबाम्होरं थंड गाडी कशी न्यावं? खोकती, धूर ओकती. अदब हाय का न्हाई?"

"चुलीत घाला ती अदब!"

केरबा ताडकन उठला. खरंच की! इंजिनातल्या झडपांचं टापेट वाजत असतं तर गरम झाल्यावरही वाजलं असतं. म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीच्या जोडातलं पॅकिंग गेलंय. थंडीत फट राहते, लोखंड तापून फुगलं की बुजते. आणि हा शहाणा रोज स्वतःच्या हातानं फट बुजवून साहेबांना दाखवत होता!

साहेबांचा मुक्काम उताराखालच्या रेस्ट हाऊसवर. चालवत न्यावं तर पोचेस्तोवर इंजिन तापणार. पहाटेच बाया घागरी घेऊन टँकरपाशी उभ्या होत्या. केरबा म्हणाला, "पानी आनतो, पर आधी ढकला!"

"मुडद्या, तीन म्हैने टँकरनं आमाला पळवलं," त्यातली चांगुणा म्हणाली, "आता आमी टँकरला पळवू!" आणि तिनंच पहिला खांदा लावला.

रिकामा टँकर थेट साहेबांच्या खिडकीखाली थांबला. केरबानं स्टार्टर मारला. टक-टक-टक! साहेब टॉवेलवरच बाहेर आले. केरबानं बॉनेट उघडून पेटती बिडी जोडापाशी धरली. प्रत्येक टकटकीसरशी बिडीचा धूर उडी मारू लागला.

"पॅकिंग गेलंय साहेब. घंटाभराचं काम."

"बरं, बदलून घे," म्हणत साहेब वळले.

केरबानं इंजिन बंद केलं आणि लॉगबुक साहेबांपुढं धरलं. "तीनदा खोटा ठरवलाव मला. लई लागलं जिवाला. आधी ते खोडा."

"ऑफिसात ये. बघू."

"हितंच बघा की," चांगुणानं घागर पायरीवर आदळली. मागच्या बायाही पुढं सरकल्या.

साहेबांनी एका हातानं टॉवेल गच्च धरला आणि दुसऱ्या हातानं लाल ओळ खोडून लिहिलं, 'चालकाची तक्रार खरी.'

"सही ऱ्हायली साहेब," केरबा म्हणाला.