मला ऐकू न येणारी चाल

इथले अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचतोय. खरं सांगतो, वाचून हसायचो. भूत, करणी, बाहेरची बाधा… आमच्या घरात यातलं कुणीच काही मानत नाही. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका राईस मिलमध्ये काट्यावर बसतो. धानाचे ट्रॅक्टर तोलतो, पावत्या फाडतो. माझ्यासोबत असं काही होईल आणि ते मी इथे टाईप करत बसेन, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

पण झालं. आणि अजूनही सुरूच आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी एक ब्लॉग चालवायचो. विषय एकच – आपल्या भागातलं समोर बसून ऐकलेलं संगीत. लग्नाच्या बँड पार्ट्या, गावोगावचे ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, कॉलेजातल्या पोरांचे रॉक बँड, गडचिरोलीकडच्या गावांतले ढोल. सुट्टी मिळाली की गाडी काढायची, ऐकायचं, घरी येऊन लिहायचं. वाचणारे फार नव्हते, पण जे होते ते पक्के होते. एखाद्या गावातला ट्रम्पेटवाला फोन करून म्हणायचा, "सर, माह्यावर लिवलं ते पोरीनं वाचून दाखवलं." बस, तेवढ्यावर माझे दोन महिने निघायचे.

या सगळ्यात माझ्यासोबत प्रशांत होता. (नाव बदललंय.) माजरीच्या खाण कॉलनीत वाढलेला, कीबोर्ड वाजवणारा, आवाजाचं ज्ञान माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. रेकॉर्डर त्याचा, माइक त्याचा. सात वर्षं आम्ही एका गाडीवर फिरलो. माझी प्रत्येक पोस्ट टाकायच्या आधी तो वाचायचा. माझ्या मुलीच्या नामकरणाला पाळण्याची दोरी त्याने धरली होती. एवढं सांगतो म्हणजे पुढचं कळेल.

पोंभुर्ण्याहून नऊ-दहा किलोमीटर आत एक गाव आहे. रस्त्याला डाव्या हाताला मोठी बोडी – म्हणजे आमच्याकडचं धानाला पाणी देणारं तळं – आणि तिच्या पाळीवर मोहाची सात-आठ झाडं. तिथे सोमाभाऊ राहतात. सत्तरीचे असतील. बँड पार्टीत चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवला. त्यांच्यावर लिहायला मी दिवाळीनंतर गेलो होतो. त्या दिवशी प्रशांतला ड्युटी होती म्हणून एकटाच गेलो, त्याचा रेकॉर्डर घेऊन.

चार लग्नाच्या चाली वाजवून झाल्या. मग मी सहज विचारलं, "भाऊ, तुमची स्वतःची एखादी नाही का?"

त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाले, "आहे एक. पन माही नाई. माह्या बायकोची आहे."

त्यांची बायको, जनाबाई, रोवण्याच्या वेळी बांधीत वाकून धान लावताना एक चाल गुणगुणायची. शब्द नव्हते. आईकडून आली नव्हती, कुठे ऐकलेली नव्हती, तिची तिनेच केलेली. सोमाभाऊंनी ती क्लॅरिनेटवर बसवली. ती गेल्यापासून ते दुपारी एकटे बांधीच्या धुऱ्यावर – म्हणजे शेताच्या बांधावर – जाऊन वाजवतात. लग्नात कधी वाजवली नाही, पार्टीतल्या लोकांनाही दिली नाही.

मी खूप मागे लागलो. शेवटी ते म्हणाले, "तुले ऐकवतो. रेकॉट बी कर, घरी ऐक. पन टाकाची नाई कुठी. देजो नको कोणाले. मले द्याचा हक नाई ना, बाबू. ते तिची आहे."

मी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "नाही देणार. शब्द देतो."

आम्ही धुऱ्यावर गेलो. त्यांनी वाजवलं. मला एवढं आठवतं की वाजवणं संपलं तेव्हा माझे डोळे भरले होते आणि ते माझ्याकडे न बघता बोडीकडे बघत होते. घरी आल्यावर मी ते बायकोला, वैशालीला, एकदा ऐकवलं. कुणालाच द्यायचं नाही यात ती येत नाही असं मी धरलं होतं.

मग एक चूक केली. चूक कसली… रोजचंच काम होतं. वाऱ्याचा आवाज काढायला रेकॉर्डरचं कार्ड प्रशांतला दिलं. म्हणालो, "पहिल्या चार फाइल साफ कर. शेवटची उघडू नको, ती भाऊंची खाजगी आहे." तो म्हणाला, "हाव बे, समजलं." दोन दिवसांनी कार्ड परत आलं. मी पोस्ट टाकली. विषय संपला.

जानेवारीत चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्रशांतच्या नव्या ग्रुपचा कार्यक्रम होता. पहिलाच. मी खास रजा टाकून गेलो, वही-पेन घेऊन, पहिल्या रांगेत. दुपारचे साडेतीन-चार. मैदानावर मांडव, लख्ख ऊन. तीन गाणी झाली, चांगली झाली. मग प्रशांत माइकवर आला आणि म्हणाला, "आता माझी स्वतःची कंपोझिशन. आपल्या धानाच्या मातीतली. नाव आहे – रोवणा."

माझं पेन वहीवर थांबलं. तरी वाटलं, नसेल. नाव योगायोगाने आलं असेल.

ढोलक सुरू झाली. कीबोर्डने एक सूर धरला. क्लॅरिनेटवाला मुलगा पुढे आला, त्याने डोळे मिटले आणि फुंक मारली.

आवाज आला नाही.

मला वाटलं माइक गेला. मी साउंडवाल्याकडे बघितलं, तो मान डोलवत होता. क्लॅरिनेटवाल्याचे गाल फुगलेले, बोटं चालताहेत… आणि मला फक्त ढोलक, कीबोर्ड आणि मागे पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी सुरू केल्याचा आवाज. आजूबाजूला सगळे स्तब्ध. माझ्या शेजारी एक मॅडम बसल्या होत्या, त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. संपल्यावर मैदान टाळ्यांनी दणाणलं. त्या टाळ्या मला नीट ऐकू आल्या.

"काय सुंदर होतं ना, सर?" त्या मॅडम म्हणाल्या. हेही नीट ऐकू आलं. मग त्या ती चाल गुणगुणायला लागल्या. त्यांचे ओठ मिटलेले होते, मान हलत होती, गळ्याची शीर थरथरताना दिसत होती. माझ्या कानात काहीच नाही. एक हात अंतरावर होत्या त्या!

मांडवामागे प्रशांतला गाठलं. तो घामाघूम, खूश. मला मिठी मारायला आला.

"ते सोमाभाऊंचं वाजवलं ना तू?"

तो थांबला. "अरे, बेस त्यांचा आहे. मी डेव्हलप केलं."

"मी तुला सांगितलं होतं, उघडू नको."

"यार, तू कार्ड देल्लं. मी ऐकलं. एवढी मस्त चीज डब्यात ठेवाची का? ते म्हातारं मेलं की संपलं मग. कोणाले भेटलं असतं?"

"मी शब्द दिला होता त्यांना. तू निदान मला विचारायचं. माझ्यासमोर स्टेजवर 'माझी' म्हणतोस?"

तेव्हा तो चिडला. "आन् मी? सात वर्षं माइक धरून राह्यलो तुह्या ब्लॉगसाठी. माह्यं नाव कुठी आहे त्याच्यात?"

"प्रत्येक पोस्टमध्ये आहे. रेकॉर्डिंग – प्रशांत."

"खाली," तो म्हणाला. "सगळ्यात खाली, बारीक अक्षरात."

सात वर्षं हा माणूस माझ्या मागे गाडीवर बसून हे मनात धरून होता आणि मला पत्ताही नव्हता. कार्यक्रमात मला काही ऐकू आलं नाही, हे मी त्याला सांगितलंच नाही. आजही त्याला माहीत नाही.

घरी येऊन मूळ फाइल लावली. सोमाभाऊंचं खाकरणं आलं. "सुरू करू का?" आलं. बोडीच्या पाण्याची खळखळ, लांबचा ट्रॅक्टर, एक टिटवी. क्लॅरिनेट नाही. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ मात्र वरखाली उसळत होती. मी आवाज पूर्ण वाढवला. टिटवीने कान फाटायची वेळ आली.

वैशाली आतून म्हणाली, "अहो, हळू करा! किती दिवसांनी लावलं हे."

"तुला ऐकू येतंय?"

"म्हणजे?"

मी म्हटलं, जरा गुणगुणून दाखव. तिने गुणगुणलं… आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. माझा चेहरा पाहून ती घाबरली.

मग मी आठवायचा प्रयत्न केला. धुऱ्यावर बसलो होतो, रडलो होतो, ऊन कुठून येत होतं, भाऊंच्या शर्टाचं तुटलेलं बटण – सगळं आठवतं. चाल आठवत नाही. एक सूरही नाही. जिथे ती असायला हवी तिथे काहीच नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मिलच्या आवाजाने थोडा परिणाम आहे म्हणाले, बारीक आवाज किंचित कमी, बाकी उत्तम. मी त्यांना दुसऱ्या क्लॅरिनेटच्या चाली लावून दाखवल्या, त्या मला ऐकू येत होत्या. मग ही लावली. त्यांना आली, मला नाही. त्यांनी टेस्ट पुन्हा घेतली. मग चष्मा काढून म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." दुसरं काय म्हणणार.

पुढच्या रविवारी सोमाभाऊंकडे गेलो. कार्यक्रमाचा व्हिडिओ गावात पोचला होता. त्यांच्या सुनेने, सुनंदाबाईंनी, पाण्याचा गडवा ठेवला, पण "बसा" म्हटलं नाही. भाऊ अंगणात खाटेवर होते.

"भाऊ, मी टाकलो नाई."

"मंग त्याच्याजवळ गेली कशी?"

"साफ करायला कार्ड दिलं होतं. त्याला सांगितलं होतं, उघडू नको म्हणून…"

"म्हंजे तूच देल्ला."

मी मान खाली घातली. मग सगळं सांगितलं – मांडव, फाइल, वैशाली, डॉक्टर. वाटलं, हा थापा मारून राह्यला म्हणतील. ते उठले. आत गेले, क्लॅरिनेट घेऊन आले, तोंडाकडची पत्ती ओली केली आणि माझ्यासमोर बसून वाजवायला लागले.

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. बोटांखाली चाव्यांची टकटक ऐकू येत होती. सुनंदाबाई दारात येऊन थांबल्या, पदर तोंडाला लावला. कुंपणापलीकडची बाई डोक्यावरची मोळी न उतरवता उभी राहिली. सगळ्या गल्लीने ऐकलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो.

"आली?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाऊ."

बराच वेळ ते क्लॅरिनेट पुसत राहिले. "मी काई केलो नाई, बाबू. मी कोणाले शाप देनारा मानूस नोहो. तिनं केलं असन तं मले ठाऊक नाई." मग विचारलं, "त्या पोऱ्याले येते का ऐकू?"

"येते."

मी जरा तडकून बोललो असेन. "भाऊ, चोरी त्यानं केली. मंग मलेच काऊन?"

ते म्हणाले, "त्यानं मले जबान नोहोती देल्ली. तू देल्ली होती."

याला एक वर्ष होऊन गेलं. ब्लॉग मी बंद केला. कुणाचं ऐकायला गेलो की वाटतं, आता हेही थांबेल. प्रशांतची 'रोवणा' मात्र खूप चालली. आता बँड पार्ट्याही लग्नात नवरी निघताना तीच वाजवतात. गेल्या महिन्यात माझ्या पुतणीच्या लग्नात वाजवली. सगळा मांडव रडत होता. वैशालीने माझा हात धरला आणि चाल सुरू झाली तेव्हा दाबला, संपली तेव्हा सोडला. मधल्या वेळात मी बँडवाल्याच्या बोटांकडे बघत होतो.

कुणाला काही कळत असेल तर जरूर सांगा. मनावर घेतलंय, अपराधी वाटतंय म्हणून होतंय – हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. त्याने ऐकू येत नाही.

प्रशांतचा मध्ये एकदा मेसेज आला होता, "झालं गेलं विसर यार, माफ कर." उत्तर दिलं नाही. कदाचित केलंही असतं माफ. पण त्याने माझ्याकडून नेमकं काय नेलं, ते मला एकदा तरी ऐकू यायला हवं ना…